जोन सदरलँड : टाळ्या आवाजाला की वेडाला?

तारसप्तक

गेल्या महिन्यात आई-बाबा सिडनीला आले होते. ऑपेरा हाउस दाखवायला नेलं, तर आतल्या एका नाट्यगृहाचं नाव वाचून बाबांनी विचारलं, "ही जोन सदरलँड कोण गं?" मी इथे नऊ वर्षं राहतेय. "कुणीतरी मोठी गायिका होती" यापलीकडे मला काही सांगता येईना. बाबांनी नुसतं "बरं" म्हटलं. त्या "बरं"चा राग येऊन मी तीन आठवडे हेच ऐकत आणि वाचत बसलेय. आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

जन्म सिडनीचा, १९२६. आई मुरिएल घरात गायची, पेशाने नाही. ही पोर पियानोखाली बसून तिचे गळ्याचे व्यायाम ऐकायची आणि तसेच्या तसे म्हणायची. मोठी झाल्यावर टायपिस्टची नोकरी, सोबत गाण्याच्या स्पर्धा, बक्षिसाचे पैसे साठवून १९५१ मध्ये लंडन. १९५२ मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये लागली आणि पुढची सहा-सात वर्षं मिळेल ते गायली. त्याच वर्षी तिथे 'नॉर्मा' झाला, नायिका तेव्हाची गाजलेली गायिका मारिया कॅलास. नॉर्माची सखी क्लोतिल्दे, वाट्याला चार ओळी, ती होती आपली सदरलँड.

तिची स्वतःची समजूत अशी की आपला आवाज जर्मन संगीतकार वॅग्नरच्या भारदस्त नायिकांचा. नवऱ्याला, म्हणजे पियानोवादक रिचर्ड बॉनिंगला, ते पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, हा आवाज तानांचा आहे, वरच्या सुरांचा आहे. आता गंमत बघा. नुसतं ऐकून हा कोणता स्वर ते तिला ओळखता येत नसे, त्याला येत असे. तो रियाजाला तिला पियानोच्या पट्ट्या दिसणार नाहीत अशी उभी करायचा आणि तिला वाटे त्याच्यापेक्षा वरून वाजवायचा. आपण नेहमीच्या 'हाय सी' या वरच्या स्वरापर्यंतच जातोय या समजुतीत बाई त्याच्याही वर सहज फिरून यायच्या. कळल्यावर चांगलीच भांडली असणार.

मग १७ फेब्रुवारी १९५९. त्याच कॉव्हेंट गार्डनमध्ये दोनिझेत्तीचा 'लुचिया दि लाम्मरमूर'. संगीत-संचालन ऐंशीच्या घरातल्या तुलिओ सेराफिनचं, दिग्दर्शन फ्रँको झेफिरेलीचं. सेराफिनकडे तयारी करायला तिला मुद्दाम व्हेनिसला पाठवलं होतं. कथा थोडक्यात: भाऊ घराण्याच्या सोयीसाठी लुचियाचं लग्न भलत्याशीच लावून देतो. खाली वऱ्हाड नाचतंय आणि वर खोलीत लुचिया नवऱ्याला भोसकते. रक्ताने माखलेल्या पांढऱ्या झग्यात ती जिन्यावरून वऱ्हाडात येते आणि पंधरा-वीस मिनिटं गाते. तिच्या डोक्यात त्या वेळी प्रियकराशी लग्न चाललेलं असतं. हाच तो प्रसिद्ध 'वेडाचा प्रवेश'.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. वर्षभरात व्हेनिसच्या ला फेनिचेमध्ये हँडेलचा 'अल्चिना' गायली आणि इटालियन लोकांनी तिचं नाव ठेवलं 'ला स्तुपेंदा', म्हणजे थक्क करून सोडणारी. १९६१ मध्ये ला स्काला आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन, दोन्हीकडे पदार्पण लुचियानेच.

माझा प्रश्न असा: तेव्हाचे समीक्षक नेमकं कशाचं कौतुक करत होते? वर जाणारे आवाज आधीही होते. माझं मत आधीच सांगून टाकते. अशा गायिका बहुतेक चिमणीच्या आवाजाच्या असत, बारीक, गोड, चपळ. हिचा आवाज मोठा होता आणि तरी तो तसाच पळायचा. लोकांनी हत्तीला कथक करताना पाहिलं (उपमा माझी, बाईंनी माफ करावं).

किरकिरा रेडिओ

लेख छान. पण गाणं लावलं, आणि दुसऱ्या मिनिटाला बायकोने आतून विचारलं, "कुकर लावलायस का?"

पार्ल्याचा पाहुणा

@किरकिरा 😂😂

षड्जपंचम

धाग्याबद्दल धन्यवाद. एक शंका, वाद घालायचा म्हणून नाही. हे सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं ना? आपल्याकडे तान घेणारा त्या क्षणी ती रचतो, समेवर यायची जबाबदारी त्याची. लिहिलेली तान पाठ करून म्हणणं ही कसरत झाली. तिचं कौतुक करावं, पण गायकीचं कौतुक आणि कसरतीचं कौतुक एका तागडीत कसं तोलायचं?

अण्णा लंडनवाले

षड्जपंचम, पूर्ण लिहिलेलं नसतं. दोनिझेत्ती, बेल्लीनी, रॉसिनी यांच्या काळी एखाद्या पदाचा शेवटचा जलद भाग दोनदा गायचा असा रिवाज होता. पहिल्यांदा लिहिल्याबरहुकूम, दुसऱ्यांदा गाणाऱ्याने आपल्या गळ्याप्रमाणे सजवून. सजावट नाही केली तर ऐकणारे नाराज. मधल्या काळात हे बरंचसं मोडीत निघालं. बॉनिंगला जुनी हस्तलिखितं आणि स्वरलिप्या जमवायचा नाद होता, त्यातून शोधून तो बायकोसाठी सजावट लिहून द्यायचा. उत्स्फूर्त म्हणता येणार नाही, तुमचं तेवढं खरं. पण एकाची सजावट दुसरीच्या गळ्यात बसत नाही.

आणखी एक. लुचियाच्या वेडाच्या प्रवेशात शेवटी जो टोकाचा वरचा स्वर, ई-फ्लॅट, ऐकायला लोक तिकीट काढतात, तो दोनिझेत्तीच्या कागदावर नाहीच! त्याने तो प्रवेश मुळात एक स्वर वरच्या पट्टीत लिहिला होता. गायिकांनी पट्टी उतरवली आणि वरचा स्वर आपल्या पदरचा घातला. मध्ये बासरी आणि गळा यांची जी सवाल-जवाबासारखी जागा येते, तीही त्याची नाही. १८३५ मध्ये नेपल्सला पहिला प्रयोग झाला. ती जागा रूढ झाली त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, पॅरिसमध्ये नेली मेल्बा गात असे तेव्हा. मेल्बाही ऑस्ट्रेलियाचीच. म्हणजे ज्यासाठी वाहवा होते ते गायिकांच्याच परंपरेतून आलेलं आहे. आता सांगा, कसरत कुणाची?

षड्जपंचम

अण्णा, हे माहीत नव्हतं. तागडी तूर्तास खाली ठेवतो.

कानसेन

तारसप्तक, तुमचा हत्ती आवडला, पण मोठा आवाज आणि चपळाई हे सगळं १९५९ च्या आधीच कॅलासने करून दाखवलं होतं. तिची १९५३ ची लुचियाची ध्वनिमुद्रिका ऐका, १९५५ ची संगीत-संचालक कारायानबरोबरची बर्लिनची ऐका. हे जुने ऑपेरे तोवर चिमण्यांच्या ताब्यात होते, म्हणजे तान मारायची, टाळी घ्यायची. कॅलासने तीच तान घेतली आणि तिचा अर्थ लावला. सदरलँडच्या यशाची वाट तिने झाडून ठेवली होती. १९५९ च्या रंगीत तालमीला कॅलास स्वतः येऊन बसली होती, ते उगाच नाही.

आणि कौतुकाचं म्हणाल तर त्याच समीक्षकांनी सदरलँडला तीस वर्षं एकाच गोष्टीवरून झोडपलं: शब्द कळत नाहीत. इटालियन असो, फ्रेंच असो, इंग्रजी असो, सगळं गोड बासुंदीसारखं एकजीव. शिवाय हळू जागी सूर एकातून दुसऱ्यात ओघळत न्यायची सवय. नाट्यसंगीतात कुणी असं गायलं असतं तर पिटातून "शब्द, शब्द!" अशी हाक आली असती.

स्वरयंत्र

माझा पेशा वाचा-उपचाराचा, म्हणून मध्ये तोंड घालते. यातला निम्मा दोष निसर्गाचा आहे. 'इ', 'ए', 'आ', 'उ' आपण ओळखतो ते तोंडाच्या पोकळीत कोणते सूर जास्त घुमतात त्यावरून. बाईच्या 'इ'चं किंवा 'उ'चं सगळ्यात खालचं घुमणं सेकंदाला तीन-चारशे कंपनांच्या आसपास असतं, 'आ'चं आठशेच्या पुढेमागे. तुम्ही गाताय तो सूरच त्याच्या वर गेला तर ओळखायची खूणच हरवते. हाय सी म्हणजे सेकंदाला सुमारे १०४७ कंपनं आणि तो ई-फ्लॅट साधारण १२४५. तिथे कुणीही कोणताही स्वर उच्चारला तरी कानाला 'आ'च्या जवळपासचंच काहीतरी येतं. शिवाय माईक नाही, समोर वाद्यवृंद, पुढे दोन-तीन हजार माणसं. इतक्या वर जाऊन आवाज मोठा ठेवायचा तर जबडा उघडावाच लागतो, आणि जबडा उघडला की 'इ' गेलाच.

कानसेन

ताई, माहिती उत्तम, पण वकिली लंगडी. मधल्या पट्टीत तर शब्द कळायला हवेत? तिथे कॅलासचे कळतात, हिचे नाही.

स्वरयंत्र

मधल्या पट्टीचं मान्य. म्हणून तर "निम्मा" म्हटलं.

अण्णा लंडनवाले

कॅलास-सदरलँड भांडण मी साठ वर्षं ऐकतोय. लंडनच्या गॅलरीत यावरून मैत्र्या तुटलेल्या मला माहीत आहेत. दोघींचे चाहते एकमेकांना जे बोलायचे त्यातलं दोघी स्वतः किती बोलत होत्या कोण जाणे.

मी तिला प्रत्यक्ष ऐकलंय, तेही लुचियातच, १९८५ साली. तिचं वय तेव्हा अठ्ठावन्न. माझी जागा अगदी वरची, स्वस्तातली, बाजूची. रंगमंचाचा डावा तुकडा दिसतच नव्हता. ती आत आली ती नेमकी त्या न दिसणाऱ्या बाजूने. आधी लोकांच्या माना वळलेल्या दिसल्या, मग आवाज आला, आणि बाई दिसली त्यानंतर. उंच, रुंद खांद्यांची, मोठ्या जबड्याची. कोवळी नवरी वगैरे मुळीच नाही. शेजारचा इंग्रज म्हातारा पुटपुटला तेही तसलंच काहीतरी.

तारसप्तक, वरच्या स्वराबद्दल सगळे बोलतात. मला आठवते ती तिची ट्रिल. शेजारशेजारच्या दोन स्वरांत वेगाने ये-जा करायची. आपल्या गमकेसारखा तिथे धक्का नाही, दोन्ही स्वर वेगळे आणि स्वच्छ कानावर यायला हवेत. बऱ्याच जणी तिथे नुसता आवाज थरथरवतात आणि वेळ मारून नेतात. हिची ट्रिल अशी, की दोन कंदील आळीपाळीने लागताहेत आणि विझताहेत. तोही आवाज न वाढवता, न घटवता. आधी मी मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. म्हातारा गप्प बसला होता.

तारसप्तक

अण्णा, काटा आला.

कानसेन, कॅलासने वाट केली हे शंभर टक्के मान्य. पण तुमच्या मुद्द्यावरूनच माझं मत थोडं सरकलं. १९५९ च्या आधीही सदरलँडचा गळा हाच होता. १९५७ मध्ये ती लंडनमध्ये 'अल्चिना' गायली होती, बरं बोललं गेलं, पण जग हललं नाही. लुचियात वेगळं काय झालं? सेराफिनने तिला प्रत्येक तान कुठल्या शब्दातून निघते ते शिकवलं, आणि झेफिरेलीने झग्यावर रक्त लावलं. ती मुळात लाजाळू, रंगमंचावर अवघडणारी. त्याने तिला धावायला लावलं, पडायला लावलं. मग तीच तान ऐकणाऱ्याला "बघा माझा गळा" अशी वाटेना, बाईचं डोकं फिरल्याची खूण वाटायला लागली. एरवी कुणी शहाणं माणूस "लग्नाची वेळ झाली" एवढं सांगायला चाळीस स्वर घेईल का? वेड्या बाईने घेतले तर पटतं.

म्हणून समीक्षकांनी त्या रात्री आवाजाला दाद दिली असली, तरी आवाज त्यांना दिसला तो वेडामुळे, असं मला आता वाटतंय.

अवांतर: त्या यशानंतर लगेच तिचं सायनसचं ऑपरेशन झालं. म्हणजे हे सगळं चोंदलेल्या नाकाने!

मडगांवची

तुमच्या त्या "वॅग्नर की तान" गोष्टीने माझी जुनी जखम उघडली. आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये (कुठलं ते सांगत नाही, माणसं अजून तिथेच गातात) मास्तरांनी मला चौदाव्या वर्षी आल्टोत, म्हणजे खालच्या सुरांच्या बायकांत, बसवलं. कारण काय, तर मी उंच होते आणि मागच्या रांगेत आल्टोच कमी होत्या! सहा वर्षं मी खालचे सूर धरून बसले. पुढे मुंबईत एका बाईंकडे शिकायला गेले, तर त्या म्हणाल्या, तू सोप्रानो, म्हणजे वरच्या सुरांची, आहेस, इतकी वर्षं काय करत होतीस? सदरलँडला घरात बॉनिंग मिळाला. सगळ्यांना कुठे मिळतो.

आपल्याकडचं सांगायचं तर पॅट्रिशिया रोझारिओ मुंबईत जन्मलेली सोप्रानो. लंडनमध्ये नाव केलं, जॉन टॅव्हनरने तिच्या आवाजासाठी कितीतरी रचना लिहिल्या. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा ती तिथे गायली. ती तानांची गायिका म्हणून ओळखली जात नाही, तिचं काम वेगळं, शांत, लांब सुरांचं. पण भारतात येऊन मुलांना शिकवते, म्हणून सांगावंसं वाटलं.

पार्ल्याचा पाहुणा

कुणी 'लाक्मे'चं बोललं कसं नाही? आपल्या आयांच्या पावडरीच्या डब्यावर जे नाव आहे ते याच फ्रेंच ऑपेऱ्यावरून टाटांनी घेतलं. दलीबचा ऑपेरा, पॅरिस, १८८३. आपल्या 'लक्ष्मी'चं फ्रेंच तोंडात 'लाक्मे' झालं. ती ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी, बापाचं नाव नीलकंठ, आणि तिचा जीव जडतो इंग्रज अधिकाऱ्यावर. त्यातलं 'घंटांचं गाणं' म्हणजे तानांच्या गायिकांची दहावीची परीक्षा. गळ्याने घुंगरू वाजवायचे. सदरलँडने ते १९६० च्या तिच्या त्या प्रसिद्ध दोन तबकड्यांच्या संचात गायलंय आणि पुढे सिडनीत अख्खा ऑपेराही केला.

आता मजा. गाण्यात गोष्ट आहे, की एक अस्पृश्य मुलगी रानातल्या श्वापदांपासून एका वाटसरूला वाचवते आणि तो निघतो विष्णू. कोण विष्णू? गाण्यातच सांगितलंय: ब्रह्माचा मुलगा!

षड्जपंचम

ब्रह्मदेव विष्णूच्या नाभीतून आला ना? बापाला मुलगा करून टाकलं की.

पार्ल्याचा पाहुणा

तान चांगली असेल तर पुराण खपतं.

कानसेन

हे म्हणजे माझ्याच मुद्द्याला बळ. शब्द कुणालाच कळत नव्हते म्हणून चाललं 😄

अण्णा लंडनवाले

कानसेन, जिंकलात.

तुम्हा दोघांच्या वादात माझी एक भर. तानेला अर्थ लागतो की नाही याचा निकाल एका ऑपेऱ्यावरून लागत नाही. मोझार्टच्या 'जादूची बासरी'तली 'रात्रीची राणी' घ्या, व्हिएन्ना, १७९१. तिथल्या तुटक तुटक स्वरांत राग आहे. आई मुलीच्या हातात खंजीर देऊन "मार त्याला, नाहीतर तू माझी नाहीस" म्हणते. रिचर्ड श्ट्राउसच्या 'आरिआड्ने' ऑपेऱ्यातल्या झेर्बिनेत्ताची दहा-बारा मिनिटांची बडबड घ्या. तिथे तान म्हणजे थट्टा. १९७६ मध्ये व्हिएन्नात संचालक कार्ल ब्योमच्या हाताखाली एडिटा ग्रुबेरोव्हा ते गायली आणि रातोरात कुठल्या कुठे गेली. तीही त्याआधी काही वर्षं त्याच शहरात गात होतीच की. फ्रेंच गायिका नाताली देसेला नटी म्हणून जास्त मानलं गेलं, पण त्या गळ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली हेही लक्षात ठेवावं. हा गळा महाग पडतो.

सदरलँड त्या मानाने नशीबवान, किंवा शहाणी. १९५२ पासून १९९० पर्यंत टिकली. प्रयोगाच्या मधल्या वेळेत ती पडद्यामागे कशिदा काढत बसायची. गप्पा नाहीत, आरडाओरडा नाही, सुई आणि दोरा. २ ऑक्टोबर १९९० ला सिडनीत शेवटचा ऑपेरा केला तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. वर्षाच्या शेवटच्या रात्री लंडनला पाहुणी म्हणून येऊन गायक पावारोत्ती आणि गायिका मर्लिन हॉर्नबरोबर गायली आणि संपवलं. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर याच पावारोत्तीला तिने सोबत नेलं होतं, तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. श्वास कुठून घ्यायचा हे शिकायला तो तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बघायचा.

स्वरयंत्र

बरगड्यांवर हात! मी पेशंटना हेच करायला लावते, स्वतःच्या बरगड्यांवर अर्थात.

तारसप्तक

कशिद्याचं बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ही बाई मला आवडली." गाणं अजून ऐकलेलं नाही त्यांनी.

किरकिरा रेडिओ

मंडळी, कुकरवाला परत आलाय. अण्णांचे कंदील वाचून राहवलं नाही. काल रात्री हेडफोन लावून तो वेडाचा प्रवेश पुन्हा ऐकला, पहिल्यांदा ट्रिलसाठी, मग पुन्हा नुसताच. सुरुवातीला अजूनही मला जड जातं, खोटं कशाला बोलू. पण बासरीची जागा आली तेव्हा हेडफोन काढून स्पीकरवर टाकलं. आई जपमाळ घेऊन बसली होती. तिने चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलीय. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "बासरीवाला तिच्या मागे चाललाय, की ती त्याच्या?"

मला उत्तर देता आलं नाही. कुणी सांगेल का?

अण्णा लंडनवाले

आईंना माझा नमस्कार सांगा. बासरी लुचियाच्या डोक्यात वाजतेय. रंगमंचावर दुसऱ्या कुणालाही ती ऐकू येत नाही. दोनिझेत्तीने त्या प्रवेशात आधी बासरी योजलीच नव्हती. त्याच्या मनात काचेच्या वाट्या होत्या, ओल्या बोटांनी वाजवायच्या, आपल्या जलतरंगाच्या दूरच्या नात्यातल्या. ते जमलं नाही म्हणून बासरी आली. हल्ली काही ठिकाणी पुन्हा काच वापरतात.

किरकिरा रेडिओ

सांगितलं. "म्हणजे दोन्हीकडून तीच," म्हणाली, आणि "परत लाव."